राणीच्या बागेत आईचा फोटो

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तिच्यात शाळा सोडल्याचे दाखले, वडिलांचा गिरणीतला पास, रेशनकार्ड आणि थोडे फोटो आहेत. त्यांतला एक फोटो १९९४ सालचा. भायखळ्याच्या राणीच्या बागेत मी काढलेला. पुढे कर्दळीचे लालभडक फूल आहे. त्याच्या पाकळीवरच्या शिरासुद्धा मोजता येतात. फुलाच्या मागे बाकावर कोणीतरी बसले आहे. हिरवे लुगडे, मांडीवर रिकामी पाटी, आणि तोंडाच्या जागी नुसता एक गव्हाळ डाग. ती माझी आई आहे.

१९८२ च्या संपानंतर वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. तेव्हा आईने भाजीची पाटी डोक्यावर घेतली. पहाटे उठून भायखळ्याच्या भाजीबाजारातून मेथी, शेपू, पालक आणायचा आणि नायगावच्या चाळींतून दारोदार विकायचा, असा तिचा क्रम. बारा वर्षे ती राणीच्या बागेच्या भिंतीजवळून गेली, पण आत कधी गेली नव्हती. बारावी पास झाल्यावर मीच एका दुपारी हट्टाने तिला आत नेले.

आमच्या चाळीत लग्नाचे फोटो काढणारे एक काका राहत. त्यांच्याकडे झेनिट नावाचा वजनदार रशियन कॅमेरा होता. एका दिवसासाठी त्यांनी तो मला दिला आणि बजावले, "झाडाखाली सावली असते. भिंगावरचा आकडा दोनवर ठेव, नाहीतर फोटो काळा येईल." मी तसेच केले. उजेड अगदी बरोबर आला. पण आकडा दोनवर ठेवला की उजेडाबरोबर आणखी काय बदलते, हे मला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर कॅमेऱ्यातून पाहताना आई धूसर दिसत होती. पण माझे लक्ष फुलावर होते. दिसत असूनही मी पाहिले नाही.

फोटो धुऊन आला तेव्हा आईने तो उजेडाकडे धरला आणि हसत म्हणाली, "फूल लई झ्याक आलंय. पर ह्यो फोटू फुलाचा हाय, माजा न्हाई." मग तिने तो ट्रंकेत ठेवून दिला. चाळिशीतल्या आईचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे.

आता आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे. माझी मुलगी कॉलेजात आहे. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून तिने फोर्टातल्या एका दुकानातून जुना डिजिटल कॅमेरा घेतला. सोबत दोन भिंगे आली. एक १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम आणि दुसरे ५० मिलिमीटरचे, एफ/१.८ पर्यंत उघडणारे. ट्रंक आवरताना तिच्या हाती तो जुना फोटो लागला. ती म्हणाली, "बाबा, कॅमेरा काही बिघडलेला नव्हता. डेप्थ ऑफ फील्ड कमी पडलंय. आपण आजीला घेऊन पुन्हा जाऊ आणि नीट करून बघू."

आणि म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघे भायखळा स्टेशनवर उतरलो. पूर्वेला बाहेर पडून थोडे चालले की बाग येते. आईने हातात काठी घेतली होती, पण भाजीबाजाराच्या दिशेने मान मात्र आपोआप वळली.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया गार्डन होते. आज कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण मुंबईकरांच्या तोंडी राणीची बागच. लोक इथे प्राणी पाहायला येतात. २०१७ पासून पेंग्विनही पाहायला मिळू लागले, त्यामुळे मुलांची धाव तिकडेच. पण ही मुळात झाडांची बाग आहे. तीन हजारांवर झाडे आहेत आणि त्यांतली कितीतरी परदेशांतून आणून लावलेली आहेत. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली सुरू झाले. त्याच्याजवळ दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीच्या बेटावरचा, ज्याच्यामुळे त्या बेटाला परक्यांनी एलिफंटा हे नाव दिले. फोर्टातल्या काळा घोडा चौकातला तो घोडाही १९६५ साली तिथून हलवला, तो याच बागेत आहे. चौकाला नाव राहिले आणि घोडा इकडे आला.

कॅमेरा पिशवीतून निघाला आणि मुलीने मला पहिला धडा दिला. तो आमच्या वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

कॅमेऱ्याच्या भिंगात एक भोक असते. ते लहानमोठे करता येते. त्याचे माप एफ/२, एफ/४, एफ/८, एफ/१६ अशा आकड्यांत सांगतात. गंमत अशी की आकडा लहान तेवढे भोक मोठे. कारण हा भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२ वर ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटरचे भोक. एफ/१६ वर तेच जेमतेम ३ मिलिमीटरचे. भोक मोठे असले की उजेड भरपूर येतो, पण ज्या अंतरावर फोकस केला त्याच्या अगदी थोडे पुढचे आणि थोडे मागचेच स्पष्ट दिसते. भोक बारीक केले की स्पष्ट दिसणारा पट्टा रुंद होतो. या पट्ट्याच्या रुंदीलाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. आपण स्पष्टतेची खोली म्हणू.

आई शेजारी बसून ऐकत होती. मी तिला विचारले, "आई, लांबच्या बसचा नंबर वाचताना तू काय करतेस?"

"डोळं बारीक करती," ती म्हणाली.

बस, तोच हा हिशेब. डोळे बारीक केले की आत येणारा प्रकाश अरुंद फटीतून येतो आणि पुसट अक्षर थोडे स्पष्ट होते. आईने हे शास्त्र पुस्तक न वाचता बसस्टॉपवर शिकून घेतले होते.

कर्दळीचा एक ताटवा गाठून आम्ही पहिला प्रयोग केला. फुलापासून एक मीटरवर उभे राहायचे, जागा हलवायची नाही, ५० मिलिमीटरचे भिंग लावायचे आणि फक्त भोक बदलत जायचे. एफ/१.८ वर स्पष्ट पट्टा जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरचा मिळाला. समोरची पाकळी लख्ख आणि मागची पाकळी लोण्यासारखी वितळलेली. एफ/५.६ वर पट्टा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास गेला आणि सबंध फूल सुटे झाले. एफ/१६ वर तो वीतभराचा झाला. फुलाबरोबर खालची पाने आणि बाजूची कळीसुद्धा दिसू लागली.

मात्र फुकट काहीच मिळत नाही. एफ/२ वरून एफ/१६ वर गेलो की उजेड ६४ पट कमी होतो. जो फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात निघत होता, त्याला आता सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली तर फूल हलते, आणि वारा नसला तरी आपला हात हलतो. आमचे पहिले चार फोटो असेच वाया गेले. त्यावर उपाय दोन. एक तर कॅमेरा बाकाच्या पाठीला किंवा भिंतीला टेकवायचा, नाहीतर कॅमेऱ्यातला आयएसओचा आकडा वाढवायचा. आयएसओ फार वाढवला तर फोटोत रवाळपणा येतो, पण हललेल्या फोटोपेक्षा रवाळ फोटो बरा. आणि एफ/१६ च्याही पुढे जाण्याचा मोह करू नये. भोक फारच बारीक झाले की उजेड त्याच्या कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

पुढे कैलासपतीचे झाड लागले. हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. याची फुले फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर लोंबतात. गुलाबी जाड पाकळ्या आणि मधोमध फण्यासारखा वळलेला पुंकेसरांचा झुबका. वास असा की आई काठी टेकून तिथेच थांबली. फळे तोफेच्या गोळ्याएवढी, म्हणून झाडाखाली फार वेळ उभे राहू नये हेही सांगून ठेवतो.

हे फूल आमची परीक्षा पाहणारे ठरले. जितके जवळ जावे तितका स्पष्ट पट्टा आक्रसतो. अर्ध्या मीटरच्या आत गेल्यावर एफ/१.८ वर तो अर्ध्या सेंटिमीटरवर आला. फण्याचे टोक स्पष्ट, पण पाकळ्या गायब. एफ/८ केले तरी सव्वादोन सेंटिमीटरच. फूल तर तळव्याएवढे. मी म्हटले, आता काय? मुलीने भोक बदललेच नाही. ती दोन पावले सरकून फुलाच्या बाजूला गेली आणि तिने कॅमेरा असा धरला की फुलाची सगळी बाजू भिंगापासून सारख्याच अंतरावर आली. तेवढ्याच एफ/८ वर जवळजवळ सगळे फूल स्पष्ट निघाले.

ती म्हणाली, "बाबा, पट्टा रुंद करता येत नसेल तर ज्यांना दाखवायचंय त्यांना एका ओळीत आणायचं." हे वाक्य मी मनात ठेवले. तासाभराने त्याचा उपयोग झाला.

आणखी एक युक्ती सांगतो. जाळीपलीकडचे काही टिपायचे असेल तर भिंग जाळीच्या अगदी जवळ न्यावे आणि भोक पूर्ण उघडावे. मात्र पलीकडची वस्तू जाळीपासून दूर हवी. जाळी स्पष्ट पट्ट्याच्या इतकी बाहेर पडते की फोटोत ती विरून जाते. बागेतल्या एका कुंपणाच्या जाळीआडून आम्ही असे केले, तर फोटोत जाळी होती असे कोणी म्हणणार नाही. पण कुंपण ओलांडायचे नाही, प्राण्यांना खाऊ द्यायचा नाही आणि फ्लॅश तर मुळीच मारायचा नाही.

गोरखचिंचेचे झाड पाहून आई म्हणाली, "ह्याचं बुंध हाय का भित्ताड?" या आफ्रिकेतल्या झाडाचा बुंधा खरोखरच भिंतीसारखा असतो. इथे उलटा प्रयोग केला. झूमचे भिंग १८ मिलिमीटरवर घेतले, एफ/११ केले आणि दीड मीटरवर फोकस धरला. पाऊण मीटरपासून थेट आभाळापर्यंत सारे स्पष्ट आले. पायाजवळचे वाळके पान, बुंध्याच्या सुरकुत्या आणि वरच्या फांदीवरचा कावळाही. कमी मिलिमीटरच्या भिंगात स्पष्टतेची खोली मुळातच जास्त असते, हा तिसरा धडा.

आपल्यापैकी बहुतेकांकडे मोठा कॅमेरा नसतो, मोबाइल असतो. त्यांनी हिरमुसू नये. मोबाइलमधले भिंग फार कमी मिलिमीटरचे असते आणि चित्र टिपणारी चकती नखाएवढी असते. म्हणून मोबाइलमध्ये बहुतेक सगळे स्पष्टच येते. बागेचा देखावा काढायला ते चांगलेच आहे. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचे धूसर होते, पण ते भिंगाने केलेले नसते, हिशेबाने केलेले असते. त्यात चूकही होते. आईचा फोटो तसा काढला तेव्हा तिच्या कानाजवळचे पांढरे केस मागच्या झाडीबरोबर पुसले गेले. खरी धूसरता हवी असेल तर फुलाच्या दहा-बारा सेंटिमीटर जवळ जावे आणि पाठीमागची झाडे लांब असतील अशी जागा निवडावी. साध्या मोबाइलमध्येही फूल उठून दिसते.

आता मुख्य काम. १९९४ चा बाक कुठला होता हे मला आठवेना. आईला आठवले. नेमका तो बाक राहिला नव्हता, पण त्या बाजूला दुसरा होता आणि समोर कर्दळही होती. आईला बसवले. फूल भिंगापासून एक मीटरवर, आई तीन मीटरवर. दोघेही स्पष्ट हवे होते.

आधी ५० मिलिमीटरचे भिंग लावून एफ/१६ करून पाहिले. जमेना. तेवढ्या अंतराला ते भिंग पुरेच ना. मग झूम २४ मिलिमीटरवर आणले आणि एफ/११ केले. मी म्हटले, फोकस मधोमध, दोन मीटरवर धर. मुलगी म्हणाली, "नाही बाबा, दीड मीटरवर. फोकसच्या पुढे स्पष्टता कमी पसरते आणि मागे जास्त." आयएसओ ८०० केला आणि बटण दाबले. फुलाच्या शिरा आल्या आणि आईच्या कपाळावरच्या आठ्याही आल्या. तीस वर्षांपूर्वीची माझी चूक एका क्षणात दुरुस्त झाली असे मला वाटले. माझा गळा दाटून आला.

आईला मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून तिला चांगले दिसते. तिने तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ह्यात समदंच दिसतंय. पाटी दिसती, कचऱ्याचा डबा दिसतो, ती आइस्क्रीम खानारी पोरं दिसत्यात. मी कुठं बघायचं?"

आम्ही दोघे हसलो, पण म्हणणे खरे होते. पहिल्या फोटोत आईला मी हरवले होते ते धूसरपणात. या फोटोत ती गर्दीत हरवली होती. सगळेच स्पष्ट झाले म्हणजे माणूस दिसतोच असे नाही.

मुलीने पुन्हा ५० मिलिमीटरचे भिंग लावले, एफ/४ केले आणि या वेळी फोकस आईच्या डोळ्यांवर धरला. तीन मीटरवर या मापात सुमारे अर्धा मीटर पट्टा मिळतो. आई स्पष्ट, कडेला कर्दळीचा लाल धूसर ठिपका, मागची झाडी मऊ. फोटो नामी येणार हे दिसत होते. पण आई हात वर करून म्हणाली, "थांब गं. ती बाई मागं हाय."

मागे एक बाई पाने झाडत होत्या. बागेत कामाला असाव्यात. चौकटीच्या कोपऱ्यात त्या येत होत्या, आणि त्या अंतरावर त्यांचा चेहरा पुसट दिसणार होता. मुलगी म्हणाली, "आजी, त्या धूसर येतील. काही बिघडत नाही."

"बिघडतंय," आई म्हणाली. "बिनतोंडाची कशाला घ्याची? घ्याची तर नीट घ्या. मला ठावं हाय तसं असल्यावर कसं वाटतं त्ये."

या वाक्यावर मी गप्प झालो. तीस वर्षांपूर्वी ती हसली होती आणि मी ते हसणे खरे मानले होते. ट्रंकेतला तो फोटो तिला लागला होता, हे मला त्या दिवशी कळले.

आईने त्या बाईंना हाक मारली. गाव विचारले. तालुका जवळचाच निघाला आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. फोटोबद्दल विचारले तर त्या आधी लाजल्या, झाडू बाजूला ठेवू लागल्या. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की. माजी बी पाटी होतीच." मग त्या आईच्या शेजारी बाकावर बसल्या. मुलीने समोर उभे राहून कॅमेरा सरळ धरला. दोघीही भिंगापासून सारख्या अंतरावर होत्या. भोक तेच, एफ/४. कैलासपतीच्या झाडाखाली शिकलेला धडा इथे कामी आला. एका ओळीत बसवल्यावर कोणीच धूसर झाले नाही.

त्या फोटोत मागची झाडी मऊ आहे, कचऱ्याचा डबा विरून गेला आहे, कर्दळीचा लाल रंग कडेला उरला आहे. आणि मधोमध दोन बायका आहेत. एकीच्या हातात काठी, दुसरीच्या हातात झाडू. दोघींच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या मोजता येतात.

पुढच्या रविवारी मुलगी कागदावर छापलेली प्रत घेऊन बागेत गेली. त्या बाई लगेच सापडल्या नाहीत; शोधत फिरावे लागले. फोटो पाहून त्या म्हणाल्या, की मोबाइलवर पुष्कळ फोटो आहेत, पण कामाच्या जागी बसलेला असा हा पहिलाच. आमची प्रत घरी भिंतीवर लावली आहे. ट्रंकेतला जुना फोटोही आईने बाहेर काढायला लावला आणि शेजारी लावून घेतला. म्हणाली, "त्यो तुझा पयला हाय. ऱ्हाऊ दे."

वाचकहो, एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन राणीच्या बागेत जरूर जा. बुधवारी बाग बंद असते, तो दिवस टाळा. कॅमेरा किंवा तिकाटणे नेणार असाल तर नियम खिडकीवर विचारून घ्या. सकाळी लवकर जा. ऊन कोवळे असते आणि वाराही कमी असतो. एकच फूल घ्या, एकाच जागी उभे राहा आणि तीन आकड्यांवर तीन फोटो काढा. घरी येऊन ते शेजारी ठेवून पाहा. पुस्तकातले दहा धडे त्यात येतील.

आणि घरच्या वडीलधाऱ्या माणसाचा फोटो काढाल तेव्हा बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा. चौकटीत कोण कोण आहे आणि फोकस कोणावर आहे, हे एकदा डोळे भरून पाहून घ्या. मला ते पाहायला तीस वर्षे लागली.